ओल दिसते तिथं

रात्री दीड ते चार, तेवढाच वेळ आमचा.
माटुंग्याची रहदारी निजली की
मी लोखंडी कांब रस्त्यावर टेकवतो,
दुसरं टोक कानाला.
खाली दीड मीटरवर पाणी चालत असतं
बिडाच्या जुन्या पाइपातून.
पाइप धड असेल तर गप्प चालतं.
फुटला असेल तर बोलतं.

हे मला इनास तुस्कानने शिकवलं.
वसईचा माणूस, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली,
एका कानाने जवळपास बहिरा,
दुसरा मात्र सोन्याचा.
म्हणायचा, ओल दिसते तिथं खणू नको रे.
पाणी लबाड. फुटतं एकीकडे,
मातीतल्या मातीत सरकत जातं
आणि भलत्याच्याच दारात वर येतं.

पुस्तक मिळालं अँटॉप हिलच्या रद्दीवाल्याकडे,
वीस रुपयांत. मुखपृष्ठ गेलेलं,
म्हणजे कवीचं नावही गेलेलं.
पानांच्या कडेला कुणाच्या तरी पेन्सिलच्या रेघा,
एका ओळीखाली इतकी दाबलेली
की कागद फाटलाय.
ती ओळ चौकीत बसून दहादा वाचली.
काही कळलं नाही.
चहा पिऊन आलो
आणि कांब टेकवतात तसं
त्या फाटलेल्या जागी बोट टेकवलं.
शब्दांच्या खाली, बरंच खाली,
काहीतरी चाललं होतं.
ते कवीचं नव्हतं.
पेन्सिलवाल्याचंही नसावं.

त्याच आठवड्यात लिहायला लागलो.
गळती-नोंदवहीची मागची पानं कोरीच असतात.
आधी चौकीतल्या कुत्र्यावर लिहिलं,
मग फाइव्ह गार्डनच्या एका मोडक्या बाकावर,
मग घरातल्या पितळी पेल्यावर,
बुडाला पोचा आलेल्या.
पेल्याच्या चार ओळी लिहिताना घसा दाटला.
पेल्याचं काय एवढं?
मी तिथंच खणत बसलो.
आठ दिवस पेला, पेल्याची कड, पोचा,
कल्हई नसताना ताकाला येणारी चव.
पानंच्या पानं उकरली.
कोरडी माती.

इनासची रीत अशी :
ओलीपासून चढाच्या अंगाने चालायचं,
हातभर अंतरावर कांब टेकवत,
आवाज वाढतो का बघत.
तसा चालत गेलो.
पेल्यापासून तो धरलेल्या हातापर्यंत.
हात माझा होता, दहा वर्षांचा,
उंच केलेला.
समोर कुंदा, माझी धाकटी,
लंगडी खेळून आलेली, तहानेनं लाल.
ती तोतरी होती. प वर अडायची.
मी म्हणायचो, नीट बोल, मग देतो.
ती म्हणायची, प, प, प
आणि गॅलरीतली पोरं हसायची.
मीही.
एका दुपारी तिनं मागायचंच सोडलं.
मोरीत गेली, नळाला तोंड लावलं.
तीन वाजले होते. नळाला पाणी सकाळीच यायचं
हे तिला ठाऊक होतं.
तरी कितीतरी वेळ तशीच वाकून राहिली.

इथं आवाज इतका मोठा झाला
की मी वही मिटली.

कुंदा आता डोंबिवलीत शिकवण्या घेते,
घडाघडा बोलते,
दिवाळीला मला चकल्या पाठवते, न चुकता.
तिला आठवतं का, मी विचारलेलं नाही.
इनासला फोन केला.
कवितेचं बोललो नाही,
एवढंच म्हणालो, एक जुनी गळती सापडलीय, खोल आहे.
तो खोकला, मग म्हणाला,
दुरुस्तीचं मागाहून बघ.
आधी खडूने खूण कर,
नाहीतर उजाडल्यावर जागा सापडत नाही.

चारला चावीवाला आला, सायकल भिंतीला लावून
झाकण उचलू लागला.
मी दिव्याखाली वही उघडली,
मागच्या पानावर एक अक्षर काढलं.
प.

पुढं जागा सोडली आहे.
बरीच.