चार बोटं लहान

फणसाची फळी तीन वर्षं माझ्या खोपीत उभी होती.
तिच्यावर माझ्याच हाताच्या पेन्सिलीच्या खुणा:
अडीच फूट रुंद, तीन उंच,
आणि कोपऱ्यात, विसरू नये म्हणून, पिदादबाय.

उभादांड्याला तिचं घर पुळणीकडे पाठ करून बसलेलं.
तिला पश्चिमेच्या भिंतीत एक खिडकी हवी होती,
खाटेवरून होडी दिसावी, एवढीच.
मिंगेल पहाटे जाळी घेऊन जायचा
आणि ती दिवसातून दहादा
भिंत धरत मागच्या दारापर्यंत यायची.

"फाल्यां करतंय," मी म्हणायचो.
फाल्यां. उद्याचं आमचं लाडकं नाव.
गुळाच्या खड्यासारखं जिभेखाली ठेवलं
की आजचा दिवस आपोआप विरघळतो.

पावसाळ्यात म्हणालो, लाकूड ओलं आहे.
पाऊस गेला, म्हणालो, लग्नाचे पलंग आहेत हातात.
(अगदीच खोटं नव्हतं. एक पलंग होता.)
मग रांपणीचे दिवस, मग फेस्त, मग कंबर.
खरं सांगू? कामाचं भय नव्हतंच.
एवढ्या उशिरानं तिच्या दारात
तोंड कसं दाखवायचं, याचं होतं,
आणि ते रोज एका दिवसाने मोठं व्हायचं.

कुमसाराला गुडघे टेकून
शिव्या सांगितल्या, दारू सांगितली, खिडकी नाही.
शेवटी सांगितली, तीही वकिलासारखी:
"फादर, लाझरसकडे तोसुद्धा चार दिवस उशिराच पोचला होता."
जाळीपलीकडून बराच वेळ काही आलं नाही.
मग खोकला. मग फादर इझिदोर म्हणाले,
"पण तो गेलो ना रे, बस्त्याव."
प्रायश्चित्ताला एकही प्रार्थना दिली नाही.
"सुतार मां तू? जा."

तरी पंधरा दिवस गेलो नाही.

राखेच्या बुधवारी त्यांचा अंगठा कपाळावर टेकला
आणि थोडी राख भुवईवरून खाली सांडली,
थेट करवतीच्या भुशासारखी.
तोही सुतार होता, हे मला माहीत होतं, आठवलं तेव्हा.
नाझरेथ सोडून निघाला त्या सकाळी
कुणाचं जू अर्धवट राहिलं असेल का कोपऱ्यात?
मला नाही वाटत.
आदल्या रात्री दिवा लावून बसला असेल,
कुसळं राहिली का, अंगठ्याने पाहिलं असेल,
आणि जू शेजाऱ्याच्या दाराला टेकवून
मग जगाकडे वळला असेल.

घरी आलो. कपाळ पुसलं नाही.
फळी उचलली तर खालचं टोक भुगा होऊन हातात आलं.
वाळवी. ती काही फाल्यां म्हणत नाही.

चार बोटं कापावी लागली.

पिदादबायच्या डोळ्यांवर एव्हाना साय आली होती.
मी दारात, खांद्यावर चौकट,
आणि तीन वर्षं घोकलेलं एकही वाक्य आठवेना.
तिने लाकूड चाचपलं, कडेकडेने, चारी बाजूंनी.
"ल्हान झाली?"
"चार बोटां."
"माझा तोंडय बारीक झाला. बसव."

भिंतीचे चिरे निघाले, तांबडी धूळ
माझ्या कपाळावरच्या राखेवर बसली.
दुपारी भरतीचा वारा आत शिरला,
आल्तारावरची मेणबत्ती विझली
आणि म्हातारी हसली.
"मिंगेलाचा इंजिन," म्हणाली.
मला अजून काहीच ऐकू येत नव्हतं.

बरंच थकलं आहे माझ्याकडे:
धाकट्या भावाच्या पत्राचं उत्तर,
कपेलातल्या बाकाचा पाय,
बारा वर्षांपूर्वी उसना आणलेला वाकस.
देवा, सगळ्यासाठी बळ मागत नाही.
मागितलं, तर ते मिळण्याची वाट पाहत बसेन,
मला मी ओळखतो.

झडपेला बिजागरी एकच निघाली डब्यातून.
दुसरी वेंगुर्ल्याच्या बाजारात मिळते.
दुकान सातला बंद होतं.
सहा वाजलेत, सायकलीत हवा कमी आहे.
निघतो.