एकशे चौऱ्याऐंशी वजा सहा

धारकर काका,
तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून लिहून देते आहे.
मिलमधे एकतीस वर्षं मागांपाशी उभे होतात.
कानांची पेन्शन वेगळी मिळत नाही, असं तुम्हीच म्हणता
आणि हसता, जरा मोठ्यानेच.

पोरांच्या श्रवणयंत्रांसाठी पैसे जमवतोय,
सायकलवरून महेश्वरला जाऊन येणार,
असं पाटीवर लिहून दाखवलं, तेव्हा तुम्ही वही काढलीत:
दर किलोमीटरला अकरा रुपये.
आणि खाली, बारीक अक्षरात,
वाटेत काय ऐकलंस तेही सांगायचं.

तर.
पहाटे साडेचारला रामबागेतून निघालो, सात जण.
मुळ्ये सरांच्या गुडघ्याचा आवाज साखळीपेक्षा मोठा.
महूला छावणीत बिगूल वाजला,
इरफान म्हणाला, आपल्यासाठीच आहे, आणि पाठ ताठ केली.
पुढे गव्हाला पाणी चाललं होतं.
मोटारीची धकधक लांबूनच यायची,
पाण्याचा आवाज मात्र अगदी बांधाशी गेल्यावर,
कुणी झोपेत कूस बदलावी एवढाच.
एका ओट्यावर बाया लसूण निवडत होत्या.
टरफलांना आवाज असतो, काका. मला माहीत नव्हतं.
त्यातली एक ओरडली,
"कां जई रिया हो? गाडी में पेट्रोल नी हे कंई?"
ते सगळ्यांचं हसू दीड किलोमीटर पाठीला चिकटून होतं.

जाम घाटाच्या उतारावर काहीच ऐकू आलं नाही.
नुसता वारा, कानात कापूस कोंबल्यासारखा.
तेव्हा तुमची आठवण झाली, खोटं कशाला सांगू,
आणि मी ब्रेक दाबले.
थांबल्यावर सागाची पानं, पापड मोडल्यासारखी.
मग एक मोर.
मग उल्का दिघेची शिवी. तिचं चाक बसलं होतं.

मंडलेश्वरपासून जो तो "नर्मदे हर" म्हणायचा,
चहावाला, शाळेची पोरं, म्हशींमागचा म्हातारा.
उत्तराला दम पुरत नव्हता, तरी दिलं.

आणि महेश्वर.
हे लिहू की नको, यात एक अख्खी रात्र गेली.
किल्ल्याखालच्या गल्लीत माग चालू होते. हातमाग.
खट्. मग थोडी जागा. मग खट्.
त्या जागेत विणणारी बाई शेजारणीला विचारत होती,
भाजी काय केलीस,
आणि शेजारीण सांगत होती.
दोन धोट्यांच्या मधे तिथे एक वाक्य मावतं.
तुमच्याकडे मावत नव्हतं ना?
मी दारात बराच वेळ उभी राहिले.
देणगीची पेटी पुढे करायची, ती हातातच राहिली.

परतताना घाट चढवेना.
सहा किलोमीटर मी टेम्पोत बसून आले,
मिरचीच्या पोत्यांवर. डोळ्यांना पाणी, ते मिरचीचंच म्हणा.
बाकीचे सहा जण चढले. मुळ्ये सरसुद्धा, गुडघ्यासकट.
म्हणून एकशे चौऱ्याऐंशी, वजा सहा.

इथवर तुम्ही वाचलंत, बोट ओळीखाली ठेवून.
मग एकोणीसशे अठ्ठावन्न रुपये मोजलेत, वरचे आठ सुटे.
सहासष्ट कापलेत.
राहू दे, चालतं, असं म्हणाला नाहीत
आणि मला बरं वाटलं.
मग कागद उलटा करून पेन माझ्याकडे सरकवलंत:
टेम्पोत काय ऐकलंस?

टेम्पोत.
ड्रायव्हर काहीतरी गुणगुणत होता, दर वळणाला चाल विसरायचा.
आडव्या टाकलेल्या सायकलचं मागचं चाक
आपलं आपणच फिरत होतं, टिक् टिक् टिक्,
कुठेही न जाता.
एका वळणाखाली इरफान दिसला, उभा राहून पॅडल मारणारा.
माझ्याकडे बघून त्याने तोंड उघडलं, काही म्हणाला.
ते मला ऐकू आलं नाही.
मी हात हलवला, तुम्ही हलवता ना तसा,
सगळं कळल्यासारखा.