रकाना

परळच्या या खोलीत मला सगळे मामा म्हणतात.
हरेश्वर तांडेल हे नाव फक्त पगाराच्या चिठ्ठीवर,
आणि आता संशोधनाच्या फायलीत, शेवटच्या पानावर,
‘इतर कर्मचारी’ या मथळ्याखाली.

बावीस वर्षं स्कोप धुतोय.
पेशंटला डाव्या कुशीवर वळवतो,
गुडघे पोटाशी घ्यायला सांगतो,
जेल, सक्शन, पोटावर तळहाताचा दाब.
या सगळ्यात डोळे रिकामेच असतात.
रिकामे डोळे काय करणार? पडद्याकडे बघणार.

आतडं आतून कसं दिसतं विचाराल
तर ताज्या माशाचा कल्ला आठवा.
भाऊच्या धक्क्यावर आई नखाने कल्ला उचलायची.
लाल म्हणजे आजचा, तपकिरी म्हणजे कालचा,
मधला एक रंग असतो, त्याला नाव नाही,
तो दिसला की ती टोपली सोडून पुढे जायची.
तो रंग मला वळ्यांच्या आड दिसायचा.
कधी कधी डॉक्टरांच्या आधी.
दिसायचा, आणि मी हातमोज्यांच्या जोड्या मोजत राहायचो.

शिवडीच्या लीलावती मयेकर.
दोन हजार अकरा, शनिवार, यादीत नवव्या.
चपटं, फिकट, पेज सांडून वाळावी तसं काहीतरी,
उजव्या वळणावर, एका घडीमागे.
स्कोप मागे येत होता. मोठे सर घड्याळ बघत होते.
माझी जीभ टाळूला चिकटली.
मामाने मध्ये बोलायचं नसतं.
चौदा महिन्यांनी त्या परत आल्या तेव्हा
साडीला कमरेभोवती एक वेढा जास्त बसला होता.
“मामा, ओळखलंत का?” म्हणाल्या.

आता मशीन आलंय.
चपलांच्या खोक्याएवढं, प्रोसेसरच्या शेजारी.
पडद्यावर हिरवी चौकट उठते, टिंग वाजतं.
इथे. इथे बघा.
मोठ्या सरांनाही सांगतं, मध्येच, न विचारता,
आणि सर थांबतात!
बुडबुड्याला चौकट काढतं,
मळाच्या कणाला, दिव्याच्या स्वतःच्याच चकाकीला.
गप बस, असं त्याला कुणी म्हणत नाही.
हजारो आतडी बघून शिकलंय, पेठकर मॅडम सांगत होत्या.
मी मनात हिशेब केला,
माझीही साठ हजाराच्या घरात जातील.

पण ते रोज नसतं. अभ्यास चालू आहे ना.
सकाळी बंद पाकीट फोडायचं,
मशीन चालू की बंद, आतली चिठ्ठी ठरवणार.
नऊ महिने अशी पाकिटं,
मग मोजणार, कुणाला किती गाठी सापडल्या.

गुरुवारी चिठ्ठी ‘बंद’ निघाली.
पडदा मुका. एसीची घरघर.
टेबलावर घाटल्याचे दळवी, पोस्टातून निवृत्त.
मॅडम स्कोप मागे घेत होत्या, सावकाश, वळी वळी चाचपत,
आणि उजव्या वळणावर तोच रंग.
माझ्या तोंडून निघालं,
घोगरं, आईच्या बाजारातल्या आवाजात,
“मॅडम, मागे. जरा मागे.”

नर्सने माझ्याकडे बघितलं. मॅडम पडद्याकडेच.
“पाणी मारा.”
मी पेडल दाबलं.
कड उचलली, थरथरली,
आणि टोमॅटोचं साल घसरत वाहून गेलं.

कान तापले माझे.
मॅडम म्हणाल्या, “अजून कुठे वाटलं तर सांगा,”
आणि पुढची वळी उलगडली.

नंतर फॉर्मात डोकावलो.
गाठींची संख्या, आकार, परतीची वेळ नऊ मिनिटं,
मशीन चालू, मशीन बंद.
मामांनी दाखवलं, असा रकाना नाही.

त्या दिवशी स्कोपच्या नळीत ब्रश जरा जास्तच वेळ फिरवला.

दळवी गुंगीतून उठले.
“काय निघालं हो?”
मी वाकून विचारलं, “काल टोमॅटो खाल्लात?”
त्यांनी आधी दाराकडे बघितलं, बायको तर नाही ना,
मग हळूच,
“आमटीत होता. एकच.”