हाताला लागणार नाही अशी शाई

करासवाड्याच्या शेडमध्ये पंखा लावायचा नाही,
हा सगुण मास्तरचा पहिला नियम.
वाऱ्यानं पाण्याची शाई जाळीतच वाळते
आणि जाळी एकदा बुजली
की माणसाच्या कानासारखी, ओरडून उघडत नाही.
म्हणून घामानं निथळत
स्क्वीजी तिरकी धरून एक ओढ.
फक्त एक.
दुसरी ओढ म्हणजे पहिली खोटी होती याची कबुली.

सुती कापड पितं, विचारत नाही.
रेशमाला टेबलावर गोंदानं धरावं लागतं,
तरी ते मनातल्या मनात सरकतंच.
लिननच्या गाठींवर रंग अडखळतो,
आम्ही म्हणतो डिफेक्ट,
हणजुण्याची बुटिकवाली म्हणते कॅरेक्टर,
आणि भाव दुप्पट लावते.
पॉलिस्टर सगळ्यात लबाड.
शिवोलीच्या क्लबाच्या तांबड्या जर्स्या,
रात्री आकडे छापले दुधासारखे,
सकाळी गठ्ठा सोडला तर
अकराच्या अकरा गुलाबी.
उष्णतेनं तांबडा आतून वर आला होता, गुपचूप.
तीन-शून्यनं हरले त्या दिवशी.
दोष रंगाला.
तेव्हापासून पांढऱ्याआधी करड्याचा एक थर देतो,
मध्ये उभा राहणारा,
कुणाच्या नजरेस न पडणारा.

डिसेंबरात फुगणारी शाई,
माड टम्म फुगतात पोळ्यांसारखे.
अंधारात चमकणारी शाई, कवट्यांसाठी.
रशियन अक्षरंही छापलीत,
उलटी पडली असती तर मला कोण सांगणार होतं?

शापोऱ्याची एस्पेरांस आली
ती मासेमारी बंद असते त्या दिवसांत.
पिशवीत काळा सुती शर्ट, इनासचा.
होडी विकली, म्हणाली,
नवा मालक नाव खरवडणार.
ते ह्याच्यावर घाल, खिशापाशी.
पण हाताला लागता कामा नये.
लागलं तर मी दिवसभर चाचपत बसेन.
नाव तिनंच लिहून दिलं, बॉलपेननं, रोमी अक्षरांत:
पुरो आतां.
ही पाचवी होडी, ह्यानंतर नाही,
अशी तिनं घातलेली शपथ,
त्यानं तीच बोटभर जाड रंगानं नाळेवर काढली होती.

आहे, म्हटलं, अशी एक शाई.
ती रंग देत नाही, घेते.
ओली असताना नुसता ओलावा दिसतो,
मग हीट प्रेसखाली कुजक्या अंड्यांचा वास सुटतो
आणि कापडातला काळा उठून जातो.
सगळे काळे जात नाहीत पण.
काही हटतच नाहीत.
आणि काळ्याखाली पांढरं असतंच असं नाही.
मग काय असतं?
ते कापड ठरवतं, बाय.

आतल्या शिवणीवर थेंब टाकून पाहिला.
हटला.
टी-ची आडवी रेघ तिनं वाकडी काढलेली, तशीच ठेवली.
प्रेस उचलली तेव्हा
सुकवलेल्या सुंगटांचा रंग
काळ्यातून वर आलेला,
ना तांबडा, ना बदामी.
तिनं डोळे मिटून तळवा फिरवला.
लागत नाही, म्हणाली.
पुन्हा फिरवला.
लागत नाही.
पुन्हा.

मग डोळे उघडून, मासळीवाल्या आवाजात:
दीडशे कसले रे?
घातलंस काही नाही, काढूनच घेतलंस.
शंभर दिले.
मास्तरनं घेतले आणि
शर्ट एकदा धुऊन मगच घाल, वास जाईल,
एवढंच म्हणाला.
ती दारात थांबली.
कुणाचा वास, असं काही विचारेल वाटलं.
शिवोलीची बस कुठे मिळते ते विचारलं.

त्या फ्रेमवर पुढे सातशे शर्ट काढले,
कवट्या, माड, एका कॅसिनोचा बदाम एक्का.
उजेडाकडे धरली
की जाळीत अजून दिसतं, फिकट,
वाकड्या रेघेसकट.
आम्ही त्याला भूत म्हणतो, धंद्यातला शब्द आहे.
मास्तर म्हणतो, केमिकल घाल, जाईल.
घालतो.
उद्या घालतो.