सोमवारची तालीम

सोमवारी उद्यमनगर बंद.
लेथवर फडकं टाकलेलं, पट्टा गप्प.
आणि मी, आप्पासो खोताचा थोरला,
बालवाडीच्या बुटक्या खुर्चीवर
गुडघे हनुवटीला लावून बसलोय.
भिंतीवर अ अननसाचा, आ आईचा.
ब बापाचा नाही. ब बदकाचा.

तायशेटे मॅडम म्हणतात, पोरांचं नंतर बघू.
आधी तुम्ही.

शेजारी केएमटीचे एक कंडक्टर,
त्यांची पोरगी फरशीवर डोकं आपटून घेते.
पलीकडं बागवान गल्लीच्या नूरजहाँभाभी,
बांगड्यांच्या जरा वर जुळ्यांच्या दातांचे व्रण.
कुणी कुणाच्या डोळ्यांत बघत नाही.

गल्लीत मी सांगितलेलं नाही.
पोरगं हाताबाहेर गेलं की आमच्याकडं दोनच औषधं :
तालमीत घाला, नाहीतर कानाखाली घाला.
दुसरं मी लहानपणी पोटभर खाल्लंय.

नाव संग्राम ठेवलं तेव्हा
राजश्रीची आत्या म्हणालेली, जरा मऊ नाव बघा की.
साडेचार वर्षांचा. वर्गात तिघांना चावला,
बाईंचा चष्मा फोडला,
आणि गंगावेशीत, दूध कट्ट्यावर,
फेसाळता ग्लास भर गर्दीत माझ्या शर्टावर ओतून
माझ्याकडं बघत उभा राहिला,
आता काय करणार, असं.
मी काय केलं ते मॅडमच्या फॉर्मवर
लिहिलं नाही. रकाना होता.

गृहपाठ : रोज पाच मिनिटं.
जमिनीवर बसायचं, मोबाइल दुसऱ्या खोलीत.
प्रश्न नाही, हुकूम नाही, शिकवणं तर नाहीच.
तो जे करतोय तेवढं फक्त बोलायचं.
मी म्हटलं, म्हणजे कॉमेंट्री?
शाहू स्टेडियमवर पेठांची मॅच असते तेव्हासारखी?
मॅडम पहिल्यांदा हसल्या.
तशीच. पण शिट्टी तुमच्याकडं नाही.

मग मी बसतो.
संग्रामनं निळा ठोकळा घेतला.
संग्रामनं तो लालवर ठेवला.
संग्रामनं सगळं लाथेनं पाडलं –
इथं गप्प बसायचं. इथं खिडकीबाहेरची
शेजाऱ्यांची वाळत घातलेली चादर बघायची.

कारखान्यात ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं, टॉलरन्स इतका :
केसाच्या जाडीहून कमी, इकडं-तिकडं चालेल.
वीस वर्षं मी ते माप चुकवलं नाही.
घराचं ड्रॉइंग कुणी दिलंच नव्हतं,
की दिलेलं, मी तेलकट हातानं पुसलं, कुणास ठाऊक.

तिसऱ्या आठवड्यात काही फरक नाही.
चौथ्यात वाढलंच. मॅडम म्हणाल्या, वाढणारच,
तुम्ही खरंच बदललाय का ते तो ठोकून बघतोय.
कंडक्टर यायचे थांबले.
नूरजहाँभाभींनी मात्र खजूर वाटले सगळ्यांना,
एका जुळ्यानं अख्खा दिवस कुणाला चावलं नाही म्हणून.
एकाच जुळ्यानं. तरी खजूर सगळ्यांना दोन-दोन.

काल रात्री वरणाची वाटी भिंतीवर गेली.
राजश्री दाराशी थिजलेली.
माझा उजवा हात मला न विचारता वर आला,
आप्पासो खोताचा हात, हुबेहूब,
बोटं तशीच जुळलेली.

आणि कॉटखालून,
बारीक, सरळ, एकसुरी आवाज :

पप्पांनी हात वर केला.
पप्पा हाताकडं बघालेत.
पप्पांनी हात खाली घेतला.
पप्पा फडकं आणायला निघालेत.

मी खरंच फडकं आणायला निघालो होतो का,
माहीत नाही.
त्यानं म्हटलं, म्हणून गेलो.