सात नंबरचा अर्ज

त्र्यंबक नाक्यावरच्या आमच्या खोलीत एसी बंद असतो.
गारठलेला पाय खोटं बोलतो.
दगू थेटे, वय अडुसष्ट, मखमलाबाद.
सिन्नरची विडी, रोज एक कट्टा, चाळीस वर्षं.
एक चकती पोटरीवर चिकटवली, एक पावलावर,
आणि आकडे स्थिरावायची वाट पाहिली.
पोटरीचा प्राणवायू एक्केचाळीस. पावलाचा अठ्ठावीस.

मग दंडातून औषध, थेंब थेंब,
रक्ताच्या वाटा सैल करणारं.
दहा मिनिटांत कानाच्या पाळ्या लाल,
मांडी ऊबदार, पोटरी बावन्न.
"सुटलं वाटतं पाणी," ते म्हणाले.
पाऊल तेवीस.

चकती बदलली. तेवीस.
डॉक्टरांनी मांडीच्या शिरेतून काढलेलं रक्त
उजेडात धरून पाहिलं.
परतीचं रक्त, काळपट हवं होतं.
आलं लालभडक,
शाळेतून भरलेलाच घरी आलेला डबा.

हे कसं सांगावं, मी शब्द जुळवत होते
(ऊती, रोहिण्या, माझ्याही तोंडात पाहुणेच),
तर तेच बोलले, पडद्याकडे बघत:
"बाई, एकतीस वर्षं पाटकरी होतो, डाव्या कालव्यावर.
गेट पुरतं उचललं की हेडवाल्यांच्या शेतात तळं
अन् टेलला धूळ.
पाणी उताराचं ऐकतं, आपलं नाही."

"आणि टेलला पोचलं तर?"

"तरी वाफसा लागतो.
चिखलात मूळ पीत नाही.
पाण्यात उभं राहून तहानेनं मरतं."
मग जरा थांबून,
"शिवाय ज्यानं सात नंबरचा अर्जच भरला नाही
त्याच्या नावानं पाणी सोडायचं कुणी?"

औषध उतरल्यावर, थोड्या वेळानं,
मी त्यांना व्हरांड्यात चालवलं.
एक्स-रेच्या दाराशी सत्तेचाळिसावं पाऊल,
तिथं पोटरीत गोळा.
भिंतीला हात, डोळे मिटलेले,
ओठांत विडी नसताना विडी धरल्यासारखे ओठ.
"भरला बघा अर्ज," म्हणाले.
"मंजूर कधी होतो?"

मला माहीत नव्हतं.
मी ४७ लिहिलं, खाली तारीख.
सोमवारी पुन्हा चालू, मोजू, एवढंच म्हटलं.

मोजा चढवण्याआधी ते वाकले,
पायाच्या अंगठ्यावर बोट दाबलं,
ओल बघायला माती दाबावी तसं,
आणि उचलून
तो पांढरा ठसा भरून यायची
वाट बघत राहिले.