उंबरठा

आई विचारते, नक्की कशात डॉक्टर होणार तू?
मी म्हणते, स्पर्शात.
ती थोडा वेळ गप्प. मग म्हणते,
"बरं. पण चारचौघांत सांगण्यासारखं काहीतरी सांग."

आंतरविद्याशाखीय.
हा शब्द उच्चारेपर्यंत समोरचा चहा संपवतो.
अर्ध्या चेतापेशी, अर्धं यंत्रशास्त्र,
आणि उरलेल्या अर्ध्यात मानसशास्त्र.
तीन अर्धे. हिशेब मार्गदर्शकांनी लावावा.

हाला मॅडम चेतापेशी ऐकतात.
एका पेशीची तार स्पीकरला जोडली
की फोडणीत मोहरी पडल्यासारखं तडतडतं.
क्वोन सरांना यंत्राचा हात हवाय
अंडं न फोडता उचलणारा.
दोघांच्या दारांमध्ये सत्तावीस पावलं
आणि पाण्याचा एक कूलर.
चार वर्षं मी त्या कूलरपाशी राहते.

माझ्या डबीत नायलॉनचे वीस केस आहेत,
प्रत्येकाची जाडी वेगळी.
डोळे मिटा. पेरावर केस टेकवेन, वाकेपर्यंत.
कळलं तर हो म्हणा.
जिथं पहिलं हो येतं
त्या जागेला आमच्यात उंबरठा म्हणतात.
पायानं ओलांडायची गोष्ट
बोटाच्या टोकावर.

शुक्रवारी शारजा.
रोल्यामागच्या गल्लीत परकारचाचांचं दुकान,
एकोणचाळीस वर्षं अबाया,
काळ्या कापडावर काळाच धागा.
चाचा हर्णैचे. म्हणाले,
"डोले मिटू कशाला गो?
काल्यावर कालं शिवताना
उघडे ठेवून तरी मी काय बघतो?"

कंपासाची टोकं टेकवली. एक की दोन?
तीन मिलिमीटर. दोन.
दोन मिलिमीटर. दोन.
दीड.
पंखा फिरत राहिला. शिलाई थांबलेली.
"दोन. पण त्यातलं एक जरा रुसलंय."

वहीत रुसण्याला रकाना नव्हता.

आणि पोशन्ना. निर्मलचा.
मराठी धर्माबादच्या बाजारात शिकलेली.
सळया बांधतो, तारेनं, बाविसाव्या मजल्यावर.
फाटकावरचं यंत्र त्याचा अंगठा ओळखत नाही.
रोज पहाटे तो अंगठा शर्टाला पुसतो,
पुन्हा लावतो, पुन्हा पुसतो,
मागची रांग शिव्या देते, चार भाषांत.

एक केस. दुसरा. सातवा.
विसावा, सगळ्यात जाड, झाडूच्या काडीएवढा,
वाकला.
पोशन्ना डोळे मिटून बसलेला,
बसची वाट बघावी तसा.
"सुरू केलं का, ताई?"

क्वोन सर म्हणाले, हा आलेखाबाहेर पडतोय, काढून टाक.
हाला मॅडम म्हणाल्या, आठवडाभर तेल लावायला सांग, पुन्हा तपास.
दोघंही बरोबर होते.
दुखणं तेच.

रात्री माझ्याच बोटावर सगळ्यात बारीक केस टेकवला.
कळला.
लगेच, लाज वाटावी इतका.
काचेला हात लावला: आत चोवीस,
बाहेर अकरा वाजताही सदतीस,
आणि समोरच्या क्रेनवर लाल दिवा.

आईचा फोन. "काकूंना सांगितलं, त्वचेची डॉक्टर.
तिनं खाजेवर मलम विचारलंय."

एक गोष्ट मी दोघांनाही सांगितली नव्हती.
"सुरू केलं का, ताई?" असं त्यानं विचारलं तेव्हा
मी केस डबीत ठेवला,
आणि पुढं काय करावं ते न सुचून
त्याचा हात दोन्ही हातांत धरला,
पावसात भिजलेली वही धरतात तसा.
"हां," तो म्हणाला. डोळे मिटलेलेच.
"आत्ता कळलं."

प्रबंधात तळटीप आहे, बारीक अक्षरात:
सहभागी एक्केचाळीस. उंबरठा सापडला नाही.
प्रतिसाद मिळाला,
पण तो मोजण्याचं साधन या अभ्यासात नव्हतं.

समासात क्वोन सरांची लाल शाई:
किती मिलिन्यूटन?

पान तसंच उघडं आहे. कूलर गुरगुरतोय.